इंजिनिअरनं इकॉनॉमिक्स का घ्यावं?

आमच्याकडे दर अप्रेझलनंतर एक-दोघांना यूपीएससी आठवते. यंदाही आठवली. ऑप्शनल कुठला घेणार विचारलं की उत्तर ठरलेलं: "इकॉनॉमिक्स! गणित आपलं पक्कं आहे, आणि अर्धा भाग जीएसमध्ये येतोच." विषय झकास आहे, पण ही दोन्ही कारणं मला लंगडी वाटतात.

आधी हिशोब बघू. २०१३ पासून मुख्य परीक्षेत वैकल्पिक विषय एकच उरलाय. त्याचे दोन पेपर, प्रत्येकी २५० गुण. म्हणजे १७५० पैकी ५०० एकाच विषयावर. प्रयत्न सहा, पण खुल्या गटाला वयाची अट ३२ ची. अठ्ठाविसाव्या वर्षी राजीनामा टाकणाऱ्याच्या हातात खरे चारच. चुकीच्या कारणासाठी विषय घेतला तर त्यातले एक-दोन तो चुकीचा होता हे कळण्यातच जातात.

आता गणित. पहिल्या पेपरला लागणारं कॅल्क्युलस आपण सेकंड इयरलाच उरकलेलं असतं. घोळ तिथेच होतो. आयएस-एलएमची आकृती आपण दोन मिनिटांत काढतो, छेदबिंदू दाखवतो आणि संपलं! पण सरकारनं खर्च वाढवला तर व्याजदर चढून खासगी गुंतवणूक मागे हटते का, आणि कुठल्या परिस्थितीत हटत नाही, हे कोण लिहिणार? केन्सच्या लिक्विडिटी ट्रॅपमध्ये एलएम रेषा आडवी होते, व्याजदर हलतच नाही, म्हणून गुंतवणूकही हटत नाही. समीकरण तेच, गृहीतक बदललं की उत्तर उलटं. आपल्याला समीकरण सोडवायची सवय असते, गृहीतकावर भांडायची नसते.

जीएसचं म्हणाल तर कांदा घ्या. ऑगस्ट २०२३ मध्ये निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागलं, डिसेंबरात थेट बंदी आली, ती मे २०२४ मध्ये उठली. जीएसला एवढी माहिती आणि दोन्ही बाजूंचे चार मुद्दे पुरतात. इकॉनॉमिक्सवाल्याला पुढे जावं लागतं. बंदीनं देशातला भाव पडला, ग्राहकाचा फायदा किती, शेतकऱ्याचा तोटा किती, आणि साध्या मॉडेलमध्ये तोटा फायद्यापेक्षा मोठा का निघतो? यंदाचा पडलेला भाव बघून शेतकरी पुढच्या वेळी लागवड कमी करतो, मग भाव पुन्हा भडकतो, त्याचं काय? लासलगावचा शेतकरी हे आकृतीशिवाय सांगेल म्हणा. आपल्याला ते आकृतीसकट सांगता आलं पाहिजे, इतकंच.

आणि दुसरा पेपर! आपली मंडळी तो शेवटच्या महिन्यावर ढकलतात. त्यात स्वातंत्र्यापूर्वीची जमीनधारा पद्धत आहे, संपत्तीच्या निःसारणाचा सिद्धांत आहे, आणि वकील, गाडगीळ, व्ही. के. आर. व्ही. राव ही नावं अभ्यासक्रमातच छापलेली आहेत. यातले धनंजयराव गाडगीळ म्हणजे पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटचे पहिले संचालक. विठ्ठलराव विख्यांबरोबर प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभा करणारेही तेच, आणि राज्यांना केंद्राची मदत कशी वाटायची याचं १९६९ चं सूत्रही त्यांच्याच नावाचं. मराठी माणसाला हा पेपर परका वाटायचं काही कारण नाही. पण इथे लिहावं लागतं, पानंच्या पानं, हातानं. कीबोर्डवर आठ वर्षं काढलेल्या बोटांना तीन तासांचा पेपर म्हणजे शिक्षाच असते.

म्हणून मी विचारणाऱ्यांना एवढंच सांगतो की क्लासची फी भरायच्या आधी आयोगाच्या साइटवरून जुने पेपर उतरवून घ्या, फुकट आहेत. येत्या शनिवारी दुसऱ्या पेपरमधला एक प्रश्न घ्या, लायब्ररीत बसून त्यावर वाचा आणि रविवारी घड्याळ लावून उत्तर लिहा. असे सहा वीकेंड काढा. सातव्या शनिवारी आपणहून लायब्ररीत गेलात तर मॅनेजरशी बोला. नोटीस पीरियड तीन महिन्यांचा असेल, तोही धरून चाला.