यंत्रांच्या गावात : इंजिनालाही कल्हई!

दोस्तांनो, मोटोक्रॉसची शर्यत कधी टीव्हीवर पाहिली आहे का? मातीचे उंच ढिगारे, चिखल, आणि त्यावरून हवेत झेपावणाऱ्या मोटारसायकली! या गाड्यांना म्हणतात डर्ट बाइक. बरं, ही काही फक्त मोठ्यांची मिरास नाही. जागतिक ज्युनियर स्पर्धेत ६५, ८५ आणि १२५ सीसीचे गट असतात, आणि त्यांत उतरतात तुमच्याच वयाची मुलं-मुली.

या छोट्या गाड्यांची इंजिनं बहुधा टू-स्ट्रोक. १२५ सीसीच्या इंजिनाच्या सिलिंडरचा आतला व्यास साधारण ५४ मिलिमीटर. त्यात पिस्टन मिनिटाला अकरा हजार वेळा वर-खाली होतो. म्हणजे सेकंदाला किती? करा भागाकार. आता एवढं घासल्यावर सिलिंडरची भिंत झिजणार नाही तर काय!

आपल्याकडच्या जुन्या टू-स्ट्रोक स्कूटरचं इंजिन असं झिजलं, की मेकॅनिक 'बोअर' करून घ्यायचे. बाबांना विचारा, त्यांना आठवत असेल. तिथे भिंत बिडाची आणि चांगली जाड. ती थोडी कापून भोक मोठं करायचं आणि त्यात मोठा पिस्टन बसवायचा. झालं काम.

शर्यतीच्या गाडीत हे चालत नाही. तिचा सिलिंडर ॲल्युमिनियमचा असतो, कारण तो हलका असतो आणि बिडाच्या जवळजवळ तिप्पट वेगाने उष्णता बाहेर नेतो. पण ॲल्युमिनियम पडलं मऊ. म्हणून आतून त्याला निकेलचा मुलामा देतात आणि त्या निकेलमध्ये सिलिकॉन कार्बाइडचे बारीक कण रुतवलेले असतात. हे कण हिऱ्याइतके नाही, पण खूपच कठीण! जर्मनीतल्या माले कंपनीने १९६७ मध्ये असा मुलामा तयार केला आणि त्याला नाव दिलं 'निकासिल'. गंमत म्हणजे तो आधी केला होता गोल फिरणाऱ्या वांकेल इंजिनासाठी. जाडी किती असावी? जेमतेम ०.१ मिलिमीटर, कधी त्याहूनही कमी. तुमच्या डोक्यावरच्या केसाएवढीच म्हणा ना! याला बोअर करायला गेलात तर मुलामाच निघून जाईल.

मग झिजला की सिलिंडर भंगारात? थांबा. आधी तो खरंच झिजलाय का ते पाहू. इंजिन जाम झालं की पिस्टनचं मऊ ॲल्युमिनियम भिंतीला माखतं आणि चकचकीत पट्टे दिसतात. पुष्कळदा खालचा मुलामा शाबूत असतो. जाणकार मेकॅनिक ते पट्टे आम्लाने काढतो. (मुलांनो, हे काम तुमचं नाही. आम्ल कातडी तर भाजतंच, पण मुलामा उडालेल्या जागी सिलिंडरही खातं.) साफ केल्यावर नख अडकेल अशी चीर दिसली, किंवा खालचं ॲल्युमिनियम उघडं पडलेलं दिसलं, तर मात्र मुलामा गेला.

आणि सगळीकडे सारखी, न दिसणारी झीज? ती तुमच्या शाळेच्या पट्टीवर मुळीच मोजता येणार नाही. पण भूमिती येते ना? पिस्टनची नवी रिंग घ्यायची. ती पूर्ण वर्तुळ नसते, तिच्या टोकांमध्ये फट असते. ती सिलिंडरच्या तळाशी, जिथे झीज कमी होते, तिथे सपाट बसवायची आणि फीलर गेजच्या पातळ पात्यांनी फट मोजायची. मग तीच रिंग वरच्या भागात बसवून पुन्हा मोजायची. समजा खाली ०.४० आली आणि वर ०.५५. फरक ०.१५. परीघ म्हणजे व्यास गुणिले ३.१४, म्हणून या फरकाला ३.१४ ने भागा. व्यास वाढला सुमारे ०.०५ मिलिमीटर! झीज लहान, पण फट ती तिपटीने मोठी करून दाखवते. मला तर ही युक्ती महागड्या उपकरणांपेक्षा जास्त आवडते. अर्थात, भोक एका बाजूला लांबट झालंय का ते तिच्याने कळत नाही. त्यासाठी बोअर गेज लागतोच.

आता दुरुस्ती. आजीला विचारा, पितळी पातेल्याची कल्हई गेली की ती पातेलं टाकायची का? नव्याने कल्हई लावून घ्यायची. इथेही तसंच, फक्त कल्हईवाल्याचा भाता नाही, तर विजेचं काम. आधी जुना मुलामा रसायनाने उतरवतात. खोल चरे ॲल्युमिनियमच्या वेल्डिंगने भरतात आणि भोक पुन्हा गोल करतात. मग सिलिंडर निकेलच्या द्रावणात, विजेच्या ऋण टोकाला जोडून. द्रावणात सिलिकॉन कार्बाइडचे कण सतत ढवळत ठेवतात. निकेल भिंतीवर बसत जातं आणि जाता जाता कणांनाही पकडून ठेवतं. शेवटी घासून नेमकं माप आणायचं. पण एवढ्या कठीण थराला घासणार कशाने? अर्थात हिऱ्याच्या कणांनी! त्याने भिंतीवर एकमेकांना छेदणाऱ्या बारीक रेघा उमटतात, त्यांत तेल धरून राहतं. वायू आत-बाहेर जाण्याच्या खिडक्यांच्या, म्हणजे पोर्टच्या, कडाही किंचित मोडतात. नाहीतर रिंग तिथे अडकून तुटेल.

आई-बाबांसाठी एक सांगतो. काही जण मुलाम्याऐवजी आत बिडाची नळी बसवून देतात. ती पुढे बोअर करता येते हे खरं, पण उष्णता पळवण्याचा ॲल्युमिनियमचा फायदा बराचसा जातो. शर्यतीच्या गाडीला मी तरी मुलामाच देईन. मूळ मापाचा पिस्टन बसतो आणि पुढच्या खेपेला पुन्हा मुलामा देता येतो.

मात्र नवा सिलिंडर चढवण्याआधी एअर फिल्टर उघडा आणि त्याच्या आतल्या बाजूला, इंजिनाकडे जाणाऱ्या नळीत, स्वच्छ कापड फिरवा. कापडावर माती आली तर तुमचा चोर तिथेच आहे. पेट्रोलमध्ये तेल नीट मोजून घातलं होतं का, तेही तपासा. आणि थंड इंजिन एकदम पळवू नका बरं! पिस्टन झटकन तापून फुगतो, पाण्याने वेढलेला सिलिंडर अजून गारच असतो, आणि दोघांमधली जागा असते फक्त ०.०५ मिलिमीटरच्या आसपास.