प्रवृत्तीचा पुरावा

ज्याने पूर्वी एक गुन्हा केला त्यानेच हाही केला असावा, हे अनुमान फौजदारी न्यायाने वर्ज्य मानले ते योग्यच होय. परंतु एकाच इसमाविरुद्ध निरनिराळ्या तक्रारदारांनी एकाच वळणाची हकीकत सांगावी आणि न्यायासनाने ती एकत्र ऐकूच नये, असा त्या निषेधाचा अर्थ कधीच नव्हता. १८९२ साली सिडनीत मेकिन दांपत्याने एकामागून एक सोडलेल्या बिऱ्हाडांच्या परसांत तान्ह्या मुलांची प्रेते पुरलेली सापडली, तेव्हा एका अर्भकाच्या खुनाच्या खटल्यात बाकीच्या प्रेतांचा पुरावा प्रिव्ही कौन्सिलने ग्राह्य धरला. आपल्याकडे २०२४ पर्यंत लागू असलेल्या १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यातील पंधराव्या कलमाचा दृष्टांतही याच जातीचा होता: विमा उतरवलेले घर जळाले, आणि त्या मालकाची आधीची विमा उतरवलेली घरेही अशीच जळाली होती, तर आग अपघाताची नव्हे हे दाखवण्यास ती हकीकत प्रस्तुत ठरे.

त्याच न्यू साउथ वेल्समध्ये २०१७ साली, एका दूरचित्रवाणी नटाने अल्पवयीन मुलींवर केलेल्या अत्याचारांच्या ह्यूज खटल्यात, कृत्यांत तंतोतंत साम्य नसले तरी प्रवृत्तीचा पुरावा चालेल, असा निवाडा ऑस्ट्रेलियाच्या हायकोर्टाने चार विरुद्ध तीन मतांनी दिला. इतर माणसे हाकेच्या अंतरावर असताना असे धाडस कोण करील, या बचावाला दुसऱ्या मुलींची जबानी हेच उत्तर होते. खटले विभक्त केले असते तर प्रत्येक मुलगी एकटी आणि म्हणून खोटी ठरण्याचा संभव होता. पुढे, तेथील पुराव्याच्या कायद्याच्या २०२० च्या दुरुस्तीने, बालकांवरील लैंगिक गुन्ह्यांत अशा पुराव्याला महत्त्वाचे मूल्य आहे असे गृहीत धरले. येथवर आमची तक्रार नाही.

मात्र पुराव्याचे मूल्य ठरवताना तक्रारदारांनी संगनमत केले असण्याची शक्यता न्यायाधीशाने विचारातच घेऊ नये, असा जो दंडक त्याच दुरुस्तीने घातला, तो आम्हांस मुळीच मान्य नाही. अनेकांच्या जबान्यांना जे बळ येते ते त्या स्वतंत्र असल्यामुळे. १९८८ च्या हॉक खटल्यात हायकोर्टाने हेच बजावले होते, आणि ते स्वातंत्र्य संशयास्पद असेल तर त्याची छाननी केवळ ज्यूरीवर सोपवून न्यायाधीशाने स्वस्थ बसणे म्हणजे राखणदाराने कुलूप पाहुण्यांच्या स्वाधीन करण्यासारखे आहे. तेथील कायदेमंडळाने ते कलम रद्द करावे. आणि तोवर, दुसऱ्या तक्रारदाराशी ओळख आहे काय, बोलणे केव्हा व कोणत्या गोष्टीविषयी झाले, हे पोलिसांनी प्रत्येकीच्या पहिल्या जबानीतच नोंदवावे, कारण खटला उभा राहीपर्यंत हे प्रश्न विचारले गेले नाहीत तर त्यांची उत्तरे बचावाच्या वकिलालाच सोयीची होतात.