विश्लेषण : कंपनी गेली, गाडी राहिली… जुनी फियाट पुंटो आज घ्यावी का?

नव्या छोट्या गाडीच्या निम्म्याहून कमी पैशांत मिळणारी आणि चालवायला तिच्यापेक्षा सरस, अशी पुंटोची ख्याती. पण बनवणारी कंपनी देशातून गाशा गुंडाळून गेली असेल तर?

२२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या मोटारींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, वरचा उपकरही गेला. नवी गाडी स्वस्त झाली की जुन्या गाडीच्या भावात घासाघीस करायला ग्राहकाला बळ मिळते. त्यातच जुन्या गाड्यांचा व्यापार करणाऱ्या नोंदणीकृत विक्रेत्याला नफ्याच्या रकमेवर १८ टक्के जीएसटी भरावा लागतो. मालकाकडून थेट घेतल्यास तो लागत नाही. त्यामुळे दोन-तीन लाखांत ‘काहीतरी वेगळी’ गाडी शोधणारे अनेक तरुण पुन्हा पुंटोपाशी येऊन थांबत आहेत.

फियाटचे आणि महाराष्ट्राचे नाते काय?

कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघालेली पद्मिनी म्हणजे मुळात फियाट ११००. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीला लोक शेवटपर्यंत ‘फियाट’च म्हणत राहिले. तिची शेवटची टॅक्सी ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपल्याने ३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनी टॅक्सीसेवेतून गेली. पुढे उनो आली, २००१ मध्ये पॅलिओ आली. मग टाटा मोटर्सबरोबर भागीदारीत पुण्याजवळ रांजणगावला कारखाना उभा राहिला आणि तिथूनच २००९ मध्ये ग्रँड पुंटो, २०१४ मध्ये पुंटो इव्हो बाहेर पडली. गाडी नावाने इटालियन, पण घडलेली शिरूर तालुक्यात.

काही वर्षे ती टाटाच्या शोरूममधून विकली गेली. शेजारी टाटाच्याच गाड्या उभ्या असताना विक्रेता फियाट कशाला दाखवील? २०१२ मध्ये विक्रीची वाट वेगळी झाली तोवर उशीर झाला होता. २०१८-१९ च्या सुमारास फियाटने भारतातला गाशा गुंडाळला. मूळ कंपनी २०२१ पासून स्टेलांटिस समूहात आहे आणि रांजणगावात आता जीप बनते. म्हणजे बाजारातली सर्वात तरुण पुंटोही आज सात-आठ वर्षांची आहे.

चालवायला मजा येते ती कशामुळे?

ताकदीमुळे नाही, हे आधी सांगायला हवे. त्याच काळातल्या स्विफ्टपेक्षा पुंटो जड आहे. फरक आहे तो सुकाणूत. बहुतेक छोट्या गाड्यांत तेव्हाच विजेवर चालणारे स्टिअरिंग आले होते. ते पार्किंग करताना बोटाने फिरते, पण चाकाखाली काय चालले आहे ते हाताला कळू देत नाही. पुंटोत जुन्या पद्धतीचे, तेलाच्या दाबावरचे हायड्रॉलिक स्टिअरिंग आहे. गर्दीत जरा जड लागते. मात्र ताशी ऐंशीच्या वेगाने वळण घेताना टायर किती धरून आहे, हे तळहाताला समजते. ताम्हिणी किंवा वरंध घाटात पुंटो नेलेला माणूस तिच्याबद्दल लगेच हळवा होतो, त्याचे कारण हेच.

दुसरी गोष्ट सस्पेन्शनची. ते थोडे ताठ, पण दणकट आहे. खड्ड्यातून गाडी धडधडत नाही आणि महामार्गावर जमिनीला चिकटून चालते. इव्होची जमिनीपासूनची उंचीही आपल्या गतिरोधकांना पुरेशी आहे. जॉर्जेटो जुजारो यांच्या रेषांमुळे रूप आजही जुनाट वाटत नाही.

उणिवा? क्लच जड. डावा पाय टेकवायला जागा नाही. मागची बैठक अपुरी. रोज दादर ते ठाणे रांगेत जाणाऱ्याने ही गाडी घेऊ नये, असे स्पष्टच म्हणावे लागेल.

इंजिन कोणते घ्यावे?

इथेच निम्मा निर्णय होतो. १.२ लिटरचे फायर पेट्रोल इंजिन ६८ अश्वशक्तीचे. टिकाऊ, साधे, पण या वजनाला अपुरे. चढावर एसी बंद करायची वेळ येते. १.४ पेट्रोल बरे, पण बाजारात कमी दिसते.

खरी पुंटो १.३ मल्टीजेट डिझेल. १२४८ सीसीचे हे इंजिन आपल्याकडे गमतीने ‘राष्ट्रीय इंजिन’ म्हणून ओळखले गेले. मारुतीने परवाना घेऊन ते स्विफ्ट, डिझायर, रिट्झ, अर्टिगा, सियाझमध्ये वापरले. टाटाने व्हिस्टा आणि मांझामध्ये. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ निकष आले तेव्हा ते थांबले, पण तोवर गावोगावच्या मेकॅनिकने ते उघडून जोडलेले होते. सगळे भाग एकास एक बसतात असे नाही, तरी इंजिनाचे काम आणि त्यासाठी लागणारा माणूस जिल्ह्याच्या ठिकाणी सहज मिळतो. निर्माता निघून गेला तरी इंजिन अनाथ झाले नाही, ते यामुळेच.

यात दोन प्रकार आहेत : साधारण ७५ आणि ९० अश्वशक्तीचे. मजेसाठी दुसरे. त्यातही दोन हजार फेऱ्यांखाली टर्बो झोपलेला असतो, मग एकदम जागा होतो. सवय होईपर्यंत ओव्हरटेक करताना जपून.

आणि अबार्थ पुंटो? २०१५ मध्ये आलेली, १.४ लिटर टर्बो पेट्रोल, १४५ अश्वशक्ती, चारही चाकांना डिस्क ब्रेक. तिच्यावर अनेकांचा जीव आहे. पण संख्या थोडी, तिचे खास भाग दुर्मीळ आणि बऱ्याच गाड्यांवर हौशी मालकांनी प्रयोग केलेले. घरात रोजची दुसरी गाडी असेल तरच तिचा विचार करावा.

ई-२० चा प्रश्न किती मोठा?

वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल आता सर्वत्र आहे. पुंटोची पेट्रोल इंजिने त्यासाठी बनलेली नाहीत. लगेच बंद पडतील असे नव्हे, पण इंधनाचे जुने रबरी पाइप आणि सील तपासून बदलणे शहाणपणाचे, आणि मायलेजमध्ये थोडी घट धरून चालावी. डिझेलला हा प्रश्न नाही.

डिझेलचा प्रश्न वेगळाच आहे. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवर हरित लवादाच्या आदेशाने बंदी आली, अंमलबजावणीवरून २०२५ मध्ये मोठा गोंधळ झाला. तिथल्या गाड्या स्वस्तात इतर राज्यांत येतात. डीएल क्रमांकाची चकचकीत पुंटो मोहात पाडते. पण एनओसी, इथला रस्ता कर आणि पुनर्नोंदणीचा खर्च व हेलपाटे मोजले की स्वस्ताई उरत नाही.

नेमके काय तपासावे?

रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी स्वतः सुरू करून ऐका. मल्टीजेटला टायमिंग चेन आहे. तेल वेळेवर न बदललेल्या इंजिनात ती सैल होते आणि सुरू करताच खळखळते. विक्रेत्याने आधीच गरम करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी जा. फायर पेट्रोलला चेन नाही, पट्टा आहे. बदलल्याची पावती नसेल तर त्याचे पैसे भावातून वळते करा. खराब रस्त्यावर पुढून टकटक आली तर लोअर आर्मचे बुश किंवा लिंक रॉड, हे काम फार महाग नाही. स्टिअरिंग रॅकमधून तेल गळत असेल तर मात्र महाग.

नंतर बाहेरून पाहा. हेडलॅम्प, बंपर, काचा, दारांची हँडल्स हे भाग फक्त पुंटोचेच, त्यामुळे मिळवायला वेळ लागतो. काही वेळा भंगारातल्या गाडीतून काढावे लागतात. यातून विम्याचा एक पेच निघतो, ज्याकडे खरेदीदाराचे लक्ष नसते. जुन्या गाडीचे विमा मूल्य कमी असते आणि दुरुस्तीचा खर्च त्याच्या ७५ टक्क्यांवर गेला की विमा कंपनी गाडी पूर्ण नुकसानीत काढते. समोरून बसलेली मध्यम धडकही पुंटोला तिथवर नेऊ शकते.

सुरक्षिततेबद्दलही भ्रम नको. युरो एनकॅपमध्ये २००५ साली पाच तारे मिळवणाऱ्या याच गाडीला २०१७ च्या कडक निकषांवर शून्य तारे मिळाले. आपल्याकडच्या खालच्या श्रेणीत एअरबॅगही नव्हत्या. त्यामुळे वरची, एअरबॅग आणि एबीएस असलेली श्रेणीच घ्या.

कागदपत्रांत कुठे अडते?

२००९ ते २०११ च्या ग्रँड पुंटोची पंधरा वर्षे भरली किंवा भरत आली आहेत. नोंदणी नूतनीकरणाला केंद्राचे शुल्क पाच हजार रुपये, शिवाय राज्याचा पर्यावरण कर आणि गाडी योग्य ठरवण्यासाठी लागणारी दुरुस्ती. हे जमेस धरले की २०१५ नंतरची इव्हो थोडी महाग असूनही परवडते. एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबरपाटी बंधनकारक असल्याने जवळपास प्रत्येक पुंटोला ती लागते. आधीच्या मालकाने लावली आहे का ते पाहा. वाहन पोर्टलवर कर्जाचा बोजा आणि थकीत ई-चलान तपासा. नमुना २९ आणि ३० वर सह्या झाल्या की नाव बदलायला टाकल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका, आणि विमा चौदा दिवसांत आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज द्या.