आधी भाता, मग बोटे

दिवाळीची साफसफाई म्हणजे आमच्या घरी एक उत्खननच असते. माळ्यावर शिडी लागली की मागच्या पिढीचे काय काय खाली येईल याचा नेम नसतो. कान तुटलेली कढई येते, चकलीच्या सोऱ्याची हरवलेली चकती येते, आणि मी एम. ए.ला लिहून काढलेल्या टिपणांचे बाडही येते. ते दरवर्षी खाली येते आणि दरवर्षी सन्मानाने परत वर जाते. गेल्या वर्षी मात्र या सगळ्यांबरोबर एक जड वस्तू खाली आली. जुन्या सतरंजीत गुंडाळलेली अण्णांची पेटी.

ती माळ्यावर गेली कशी, हे मला चांगले ठाऊक होते. मीच ठेवली होती. त्याआधीच्या आषाढात अण्णांना अर्धांगाचा झटका आला. जिवावरचे दुखणे गेले, वाचा शाबूत राहिली; पण उजवा हात हलका पडला. चमचा धरता येतो, सदऱ्याची गुंडी लावता येत नाही. चाळीस वर्षे देवळातल्या कीर्तनाला साथ करणाऱ्या माणसासमोर रोज पेटी दिसत राहावी हे मला बरे वाटेना. म्हणून त्यांना न विचारता मी ती वर टाकली. त्यांनीही कधी विचारले नाही. घरात अशा गोष्टींवर कोणी बोलत नाही, आणि न बोलण्यालाच आपण समजूतदारपणा म्हणतो.

सतरंजी सोडताना अण्णा खुर्चीत बसून बघत होते. म्हणाले, "इकडे आण ती. आणि तू बस समोर."

"मी? अण्णा, मला कुठे येते पेटी?"

"येत नाही हे मला माहीत आहे. तीन महिन्यांत पळालास. बस."

ही तीन महिन्यांची गोष्ट तुम्हांला सांगायलाच हवी, कारण वाचकांपैकी निम्म्या घरांत ती घडलेली असणार. मी दहा वर्षांचा असताना अण्णांनी मला शिकवायला घेतले. मला हवे होते एक गाणे. शाळेच्या स्नेहसंमेलनात वाजवून टाळ्या मिळवण्यापुरते. अण्णांनी दिला सा. नुसता सा. एक पट्टी दाबायची आणि भाता हलवायचा. पंधरा दिवस! सोळाव्या दिवशी मी पोट दुखत असल्याचे सांगितले, आणि पुढे ते आठवड्यातून चार दिवस दुखू लागले.

आता गंमत पाहा. तेव्हा ज्या कंटाळवाण्या गोष्टीवरून मी पळालो, तीच पेटीतली पहिली विद्या आहे, हे मला समजायला तीसएक वर्षे लागली. पियानोवर आवाज लहानमोठा होतो तो बोटाने. पट्टी जोरात दाबली की आतली हातोडी तारेवर जोरात बसते. पेटीत तसे काही नाही. पट्टी हळू दाबा नाही तर ठोसा मारा, ती फक्त हवेची वाट मोकळी करते. धातूचा सूर वाजतो तो हवेवर. म्हणजे नाद उजव्या हाताचा वाटला तरी त्याचा जीव डाव्या हातात असतो. बाहेरचा भाता हवा आत ढकलतो, आतला भाता ती धरून ठेवतो आणि बेताबेताने सुरांकडे सोडतो. आतला भाता भरलेला राहिला तर सूर सरळ येतो. तो रिकामा होऊ दिला आणि मग घाईघाईने हिसका दिला, की सुराला उचकी लागते. नवशिक्या माणसाची पेटी दोन घरांपलीकडून ओळखू येते ती चुकलेल्या पट्ट्यांमुळे थोडी, आणि या उचक्यांमुळे फार.

तर गेल्या दिवाळीत मी बसलो आणि उचक्या देऊ लागलो. अण्णांनी दोन मिनिटे सोसले. मग खुर्ची डावीकडून पेटीशी ओढून घ्यायला लावली, पेटी चौरंगावर ठेवायला लावली, आणि आपला चांगला डावा हात भात्यावर ठेवला. "तू नुसता सा दाब."

मी दाबला. आणि वाचकहो, तोच सा, तीच पेटी, पण खोलीत जणू दुसरेच वाद्य लागले. स्वयंपाकघरातून सौ. हातातले लाटणे घेऊन बाहेर आली.

त्या दिवसापासून आमचा रिवाज पडला. संध्याकाळी मी वडाळे तळ्यावर एक फेरी मारून येतो, आणि मग अर्धा तास भाता त्यांचा, बोटे माझी. या वर्षभरात चाळिशी ओलांडलेल्या विद्यार्थ्याला जे कळले, त्यातले चार शब्द मुलांना क्लासला पाठवणाऱ्या आईबापांसाठी लिहितो. वाद्य पेटी असो, पियानो असो की मुलांचा तो विजेवरचा कीबोर्ड असो, पट्ट्यांचा धर्म पुष्कळसा एकच आहे.

पहिली गोष्ट अंगठ्याची. बोटे पाच आणि सूर सात, ही अडचण सगळ्या जगाची. ती सोडवायची ती अंगठा बोटांच्या खालून पुढे नेऊन. पांढरी एकपासून अंगठा, तर्जनी, मध्यमा अशी सा-रे-ग वाजली की अंगठा खालून सरकून म वर यायला हवा. मग प, ध, नी आणि वरचा सा उरलेल्या चार बोटांनी. ऐकायला सोपे, पण मनगट उडू न देता करून पाहा! युरोपातही जुने वादक अंगठा फारसा वापरत नसत. थोरल्या बाखच्या मुलाने, सी. पी. ई. बाखने, १७५३ साली वादनकलेवर जो ग्रंथ काढला त्यात अंगठ्याला मानाचे स्थान दिले. आमच्याकडे पेटीवाल्यांच्या बोटांच्या रीती घराघराप्रमाणे वेगळ्या. काळ्या पट्टीवर अंगठा टाळावा एवढे मात्र बहुतेक जण सांगतात. कोणतीही रीत धरा, पण एक धरा. आज एक बोट, उद्या दुसरे, असे झाले की हाताला काहीच पाठ होत नाही.

दुसरी गोष्ट दुबळ्या बोटांची. अनामिका स्वतंत्रपणे उचलून पाहा. शेजारणींना सोबत घेतल्याशिवाय ती उठत नाही. यात आळस नाही, हाताच्या पाठीवर तिच्या कंडरा शेजारच्या बोटांशी जोडलेल्याच असतात. म्हणून नवशिके तिला टाळून तीन बोटांवर संसार भागवतात. अलंकार आहेत ते यासाठी. सारेग, रेगम, गमप, मग सारेगम, रेगमप, मग उलटे. पश्चिमेकडे हेच काम हानों नावाच्या फ्रेंच गृहस्थाने १८७३ साली साठ पाठांत बांधून दिले, आणि जगभरच्या मुलांनी त्याला तेव्हापासून मनातल्या मनात शिव्या दिल्या. परंतु येथे एक इशारा. रॉबर्ट शूमान हा मोठा संगीतकार तरुणपणी पियानोवादक व्हायला निघाला होता. सराव अतोनात, शिवाय बोटाला ताण देणारे एक यंत्रही तो वापरी. १८३२च्या सुमारास उजव्या हाताचे बोट निकामी झाले आणि वादक होण्याचे स्वप्न संपले. खरे कारण काय यावर पंडितांत अजून वाद आहे. पण बोट दुखले की थांबावे, एवढा बोध घ्यायला वाद मिटण्याची गरज नाही.

तिसरी गोष्ट लयीची. मुलाला बाराखडीआधी काव्य हवे असते, तसे पेटीवाल्याला ठायीआधी दुगुण हवी असते. अण्णांचा नियम असा: जे सलग पाच वेळा न चुकता सावकाश वाजले नाही, ते जलद वाजवायचे नाही. याला कारण आहे. हात चूक आणि बरोबर ओळखत नाही. जे वारंवार केले ते तो शिकतो. चुकीचे शंभरदा वाजवले तर चूकच शंभर नंबरी पक्की होते. मेल्त्सेलने १८१५ साली लय मोजणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. आज ते काम खिशातला मोबाइल फुकट करतो, तबल्याचा ठेकाही धरतो. मुलांच्या हातात मोबाइल असतोच. निदान अर्धा तास तरी तो ठेका धरू दे.

चौथी गोष्ट पट्टी बदलण्याची. पांढरी एकमध्ये भरभर वाजवणारे पुष्कळ. पण गाणारी काळी पाचची निघाली की यांचे सप्तक कोलमडते. रोज एकच अलंकार घ्यावा आणि तो बारा पट्ट्यांपैकी दोन नव्या ठिकाणांहून वाजवावा. सहा दिवसांत बारा घरे हिंडून होतात.

आणि पाचवी गोष्ट गळ्याची. वाजवायचे ते आधी गुणगुणावे. पेटी परदेशातून आली. पॅरिसच्या द्‌बॅंने १८४२ साली तिचे पेटंट घेतले. तिच्यात सूर ठरलेले. दोन पट्ट्यांमधली जागा तिला नाही, मींड नाही. याच कारणाने १९४० साली आकाशवाणीने तिला दार बंद केले, ते १९७१ साली किलकिले झाले. तक्रार खरी होती. तरीही गोविंदराव टेंब्यांनी (१८८१-१९५५) तिच्यावर स्वतंत्र वादन उभे केले, आणि गोविंदराव पटवर्धनांची (१९२५-१९९६) नाट्यगीताची साथ ऐकणाऱ्याला मींड नसल्याची आठवण राहत नसे. कारण त्यांच्या बोटांआधी गाणे आत चाललेले असे. आपल्याला एवढी मजल मारायची नाही. पण गुणगुणल्याने वाक्य कुठे सुरू होते आणि श्वास कुठे घ्यायचा ते कळते, आणि भाताही मग त्या श्वासाबरोबर चालू लागतो.

असो. मास्तरकीची सवय, उपदेश लांबला.

या वर्षभरात अण्णांचा उजवा हात सुधारला, असे लिहायला मला आवडले असते. पण तो तसाच आहे. डॉक्टरांनीही फार आशा दाखवलेली नाही. मात्र गेल्या महिन्यात मी त्यांना एकदा सरळ विचारले, "पेटी मी माळ्यावर टाकली, तेव्हा तुम्ही बोलला का नाहीत?"

ते भाता हलवीत होते. हात न थांबवता म्हणाले, "मला वाटले, तुला ती नकोशी आहे."

दोन माणसे एका घरात, एकमेकांना जपता जपता, दीड वर्ष एक पेटी बंद ठेवून बसली होती!

आता यंदाच्या पाडव्याला आमच्याकडे एका अभंगाची साथ ठरली आहे. गाणार आमची कन्या, काळी चारमध्ये. बोटे माझी असल्याने सगळे काळजीत आहेत. परवा सरावाला मी एक जागा जलद घेतली आणि ती घसरली. अण्णांनी भाता थांबवला. पेटी जागच्या जागी मुकी झाली. इतका परिणामकारक परीक्षक मी विद्यापीठात पाहिला नाही.

"सा दाब," ते म्हणाले.

मी दाबला, आणि ते पुन्हा भाता हलवू लागले.

तुमच्याही माळ्यावर एखादी पेटी असेल. साफसफाईत ती हाताला लागली तर परत वर ठेवू नका. फडक्याने पुसा, भाता फाटला असेल तर कारागिराकडून शिवून घ्या, आणि घरातल्या सर्वांत वडील माणसाला विचारा, सा कसा धरायचा. फराळ तेवढा वेळ थांबतो. दिवाळी आनंदाची जावो.