चूक माझी नव्हतीच!

"ताई, हे 'दुसर्या' काय लिहिलंय? 'दुसऱ्या हप्त्याची पावती' पाहिजे ना?" बचत गटाच्या बैठकीत सातवी शिकलेल्या एका वहिनींनी कागद माझ्यापुढे सरकवला आणि बी.ए. झालेल्या मला खाली मान घालावी लागली.

केज तालुक्यातल्या आमच्या गटाचे हिशेब मी वर्षभरापासून संगणकावर ठेवते. निम्म्या बायका दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात. आल्यावर प्रत्येकीच्या हातात स्वच्छ छापलेला हिशेब द्यावा, एवढाच हेतू. जुन्या संगणकावर लेकीनं एक मुक्त प्रणाली टाकून दिली. मुक्त म्हणजे फुकट तर खरीच, पण तिची आतली घडणही सर्वांना खुली. कुणीही बघावी, सुधारावी. मराठी टाइप कसं करायचं ते त्यांच्याच संकेतस्थळावर होतं. मी ते पान छापून भिंतीला चिकटवलं. तरी 'शेतकऱ्यांना'चं 'शेतकर्यांना' होई. महिनाभर वाटलं, माझीच बोटं चुकतात. कुकरची शिट्टी झाली नाही तरी आपण म्हणतो ना, मीच झाकण नीट लावलं नसेल!

लेक पुण्याहून आली तेव्हा उलगडा झाला. ते पान हिंदीसाठी लिहिलेलं आणि वर नाव मराठीचं. हिंदीला हा अर्धा र लागत नाही. आपलं मात्र त्यावाचून अडतं. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या डोंगरातल्या. आचार्यांना बोलावलं तर व्याख्यान, आचाऱ्यांना बोलावलं तर जेवण! इन्स्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट धरून 'जे' दाबायचा, मग 'डी'नं पाय मोडायचा, पुढे य. ही एक ओळ पानावर नव्हती.

"मग कळव की त्यांना," लेक म्हणाली.

"मी? मला प्रोग्रॅमिंगमधलं काय कळतं?"

"आई, ज्यांना कळतं ते हे पान उघडतच नाहीत."

मी लिहिलं, 'आपले पान चुकीचे आहे, सुधारावे.' तिनं ते खोडलं. कोणतं पान, कोणती ओळ, मी काय दाबलं, काय उमटलं, काय उमटायला हवं होतं, असं क्रमानं लिहायला लावलं. पडद्याचं चित्र जोडलं. तीन आठवड्यांनी उलट प्रश्न आला, तुमची आवृत्ती कोणती? चूक यांची आणि उलटतपासणी माझी! रागच आला. पण डॉक्टरसुद्धा 'कधीपासून दुखतंय' विचारतातच की. उत्तर दिलं आणि पान सुधारलं गेलं.

अमेरिकेतले संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड कनूथ आपल्या पुस्तकातली चूक दाखवणाऱ्याला 2.56 डॉलरचा चेक पाठवायचे. लोक तो वटवायचे नाहीत, चौकटीत लावायचे. 2008 पासून ते चेकऐवजी प्रमाणपत्र देऊ लागले. इतका मोठा माणूस चूक दाखवणाऱ्याचे आभार मानतो आणि आपण 'कोण आपल्याला विचारतंय' म्हणून गप्प बसतो.

बायका पुढे येत नाहीत, असं म्हणणाऱ्यांनाही एक सांगायचंय. नोम या मुक्त प्रकल्पाकडे 2006 साली गूगलच्या उन्हाळी उपक्रमासाठी 181 अर्ज आले, त्यात बाई एकही नाही. मग त्यांनी खास बायकांसाठी उपक्रम जाहीर केला, तर शंभरेक अर्ज आले. बोलावलं की येतात.

आम्हाला मात्र बोलावणं इंग्रजीतच आहे. पान मराठी, पण चूक कळवायचा रकाना इंग्रजी. माझी लेक होती म्हणून निभावलं. त्या वहिनींनी काय करावं, ज्यांनी चूक पहिल्यांदा पकडली? ही दुसरी तक्रार मी त्या रकान्यात मराठीतच लिहून पाठवली आहे. 'दुसरी तक्रार' नव्हे, 'दुसऱ्या तक्रारीचा अर्ज' असं मुद्दाम लिहिलं, र नीट उमटतोय ते त्यांनाही दिसावं म्हणून. उत्तर अजून यायचंय.