मैदानासाठी केलेला अर्ज

मरीन ड्राइव्हवर पारशी, इस्लाम आणि हिंदू जिमखान्यांची मैदानं एकापाठोपाठ एक लागतात. ही जमीन मुंबईचे तत्कालीन गव्हर्नर लॉर्ड हॅरिस यांच्या क्रिकेटप्रेमातून मिळाली, असं अनेकदा सांगितलं जातं. मला ते अर्धसत्य वाटतं.

मुंबईच्या पारशांनी १८४८ मध्येच ओरिएंटल क्रिकेट क्लब काढला होता. तरुण मंडळी एस्प्लनेडच्या मोकळ्या मैदानावर खेळत. तिथेच १८७५ मध्ये गोऱ्यांचा बॉम्बे जिमखाना उभा राहिला. भारतीयांना त्यात प्रवेश नव्हता. जिमखान्याची राखीव हिरवळ सोडून साहेब पोलो खेळायला उतरत ते एतद्देशीयांच्या मैदानात. घोड्यांच्या टापांनी जमीन उखणली जाई. मग चेंडू कसा उसळेल, याचा नेम राहत नसे.

याविरुद्ध शापूरजी सोराबजी आणि इतर शेकडो खेळाडूंनी १८८१ मध्ये सरकारकडे अर्ज केला. एकदा निकाल त्यांच्या बाजूने लागला, तोही गोऱ्यांनी फिरवून घेतला. तरी अर्ज थांबले नाहीत. याच झगड्याच्या काळात, १८८५ मध्ये, पारशी जिमखाना स्थापन झाला. पुढे त्याला समुद्रात भराव घालून केलेली जागा मिळाली. जानेवारी १८९० मध्ये पारशांनी व्हर्नन यांच्या इंग्लिश संघाला हरवलं, तेही बॉम्बे जिमखान्याच्याच मैदानावर. हॅरिस मुंबईत आले ते त्यानंतर. हिंदू जिमखाना निघाला १८९४ मध्ये. गव्हर्नरांनी जागा दिल्या हे खरं; पण त्या मागायची धमक आधी खेळाडूंनी दाखवली होती.

या इतिहासाची दुसरी बाजूही सांगायला हवी. साहेबांच्या कुंपणाविरुद्ध लढलेल्यांनी आपापल्या धर्माची कुंपणं घातली. हिंदू संघाला कितीतरी सामने जिंकून देणाऱ्या पळवणकर बाळूंना जातीपायी कर्णधारपद नाकारलं गेलं. त्यांचे भाऊ विठ्ठल कर्णधार झाले, पण त्यासाठी १९२३ साल उजाडावं लागलं.

म्हणूनच मला सर्वांत मोलाचा वाटतो तो मूळ अर्ज. त्यातली मागणी साधी होती: ज्यांना क्लबात प्रवेश नाही, त्यांनाही खेळायला नीट जमीन मिळावी. ती मागणी आजही शिळी झालेली नाही. तुमच्या भागातल्या मैदानाचा तुकडा मांडवासाठी, पार्किंगसाठी किंवा बांधकामासाठी जाणार असेल, तर नुसते हळहळू नका. चार शेजाऱ्यांच्या सह्या घ्या आणि लेखी हरकत नोंदवा.