चार बिऱ्हाडं, एक मीटर आणि भाडेकरूचा कापलेला खिसा

उन्हाळा लागला की आपल्या गावात लाइटबिलावरून ओरड सुरू होते. महावितरणला शिव्या, सरकारला शिव्या, स्मार्ट मीटरला शिव्या. द्या, काही हरकत नाही. पण स्टँडमागच्या गल्ल्यांत, कॉलेजजवळच्या चाळवजा बिल्डिंगांत आणि एमआयडीसी रोडच्या पत्र्याच्या खोल्यांत जे भाड्याने राहतात, त्यांच्या बिलाचा एक मोठा हिस्सा महावितरणच्या ऑफिसात ठरत नाही, घरमालकाच्या जिन्याखाली ठरतो. त्यावर कुणी बोलत नाही, कारण गावात बोलणारे बहुतेक घरमालकच आहेत.

पद्धत सगळ्यांना माहीत आहे. जिन्याखाली महावितरणचा एकच मीटर. त्याच्यापुढे बाजारातून आणलेले चार सब-मीटर. महिन्याच्या शेवटी मालक वहीत आकडे लिहितो आणि युनिटला बारा, तेरा, कुठे पंधरा रुपये लावून पैसे घेतो. पावती नाही. मूळ बिल बघायचं म्हटलं तर, "विश्वास नाही का आमच्यावर?"

विश्वासाचा प्रश्नच नाही. प्रश्न गणिताचा आहे, आणि ते पाचवीतल्या पोराला जमेल इतकं सोपं आहे.

घरगुती विजेचा दर टप्प्याटप्प्याने चढतो. महावितरणच्या २०२४-२५ च्या दरपत्रकात पहिल्या १०० युनिटला वीज आकार ४ रुपये ७१ पैसे होता. १०१ ते ३०० ला १० रुपये २९ पैसे. ३०१ ते ५०० ला १४ रुपये ५५ पैसे. त्यानंतर आकडे बदलले, पण चढत्या दराचं तत्त्व तेच आहे. पहिला टप्पा स्वस्त का ठेवलाय? एक पंखा, दोन बल्ब, एक टीव्ही आणि छोटा फ्रीज वापरणाऱ्या घराला परवडावं म्हणून.

आता चार खोल्या धरा. प्रत्येकीचा वापर ९० युनिट. चौघांचे स्वतंत्र मीटर असते तर प्रत्येक जण पहिल्याच टप्प्यात राहिला असता. वीज आकार माणशी ४२४ रुपये, चौघांचा मिळून साधारण १६९६. तेच ३६० युनिट एका मीटरवरून गेले की पहिले १०० स्वस्त, पुढचे २०० महाग, शेवटचे ६० आणखी महाग. बेरीज ३४०२. म्हणजे दुप्पट! वीज तेवढीच, माणसं तीच, पंखेही तेच.

कुणी म्हणेल, चार मीटर घेतले की स्थिर आकार चार वेळा लागतो. बरोबर, लागतो. मीटरमागे साधारण सव्वाशे-दीडशे रुपये. तो धरा, वहन आकार धरा, वर १६ टक्के वीज शुल्क धरा. तरीही एका कुटुंबाला महिन्याला साडेतीनशेच्या वर जास्तीचे पडतात. वर्षाला चार हजारांच्या वर. दिवसाला चार-पाचशे कमावणाऱ्या माणसाची ही आठ-दहा दिवसांची मजुरी झाली.

यात कळीचा मुद्दा असा की मालक प्रामाणिक असला तरी हे घडतं. आलेल्या बिलाची सरळ वाटणी केली, स्वतः एक रुपयाही खाल्ला नाही, तरी भाडेकरूचा खिसा कापला जातोच. गरीब घरासाठी ठेवलेला स्वस्त टप्पा चौघांत मिळून एकदाच मिळतो. आणि मालकाचं स्वतःचं घर, वरच्या मजल्यावरचा एसी, गिझर, बोअरची मोटर त्याच मीटरवर असेल तर काय होतं, ते वेगळं सांगायला नको. एसी मालकाचा, टप्पा चढला सगळ्यांचा. याउपर युनिटमागे दोन-तीन रुपये वर ठेवणारे महाभागही आहेत. त्यांच्यासाठी एवढंच सांगतो, वीज कायदा २००३ च्या कलम १२ नुसार परवान्याशिवाय विजेचा व्यापार करता येत नाही. भाडं घ्या, घर तुमचं आहे. वीज तुमची नाही.

मग स्वतंत्र मीटर का घेत नाहीत? मी विचारत आलोय. उत्तर ठरलेलं असतं, "भाडेकरूच्या नावावर मीटर गेला की उद्या तो घर सोडणार नाही." ही भीती मी खोटी म्हणत नाही, पण तिच्यावर इलाज आहे. पहिला, प्रत्येक भागाचा मीटर स्वतःच्याच नावावर घ्या. बिल भाडेकरू भरेल, नाव तुमचं राहील. दुसरा, लिव्ह अँड लायसन्सचा रीतसर नोंदणीकृत करार करा. भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ ने नोंदणी सक्तीची केलीय आणि ती जबाबदारी मालकाची आहे. असा करार असेल तर मुदत संपल्यावर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊन घर परत मिळवता येतं. करार करायचा नाही, स्टॅम्पचे पैसे वाचवायचे आणि वर भीतीचा भुर्दंड भाडेकरूने भरायचा, हा कुठला न्याय?

आणि कायदा भाडेकरूलाही विसरलेला नाही. वीज कायद्याचं कलम ४३ म्हणतं की जागेचा मालक किंवा कब्जेदार, दोघांपैकी कुणीही अर्ज केला तरी वीज द्यायची. 'किंवा कब्जेदार' हे शब्द नीट वाचा. पण व्यवहारात मालकाच्या ना-हरकतीशिवाय फाइल पुढे सरकत नाही. म्हणजे किल्ली पुन्हा मालकाच्याच हातात. तिसरी गोष्ट, भांडण झालं की फ्यूज काढून खिशात घालणाऱ्यांनी भाडे नियंत्रण कायद्याचं कलम २९ वाचावं. सबळ कारणाशिवाय भाडेकरूची वीज-पाणी तोडता येत नाही.

मीटरशिवाय आणखीही गोष्टी आहेत, ज्या फक्त मालकच करू शकतो. जुना पंखा ७०-७५ वॅट खातो, नवा बीएलडीसी पंखा तीस-पस्तीस. दिवसाला पंधरा तास चालला तर महिन्याला वीसेक युनिट वाचतात. अडीच-तीन हजारांचा हा पंखा अकरा महिन्यांचा भाडेकरू कशाला विकत घेईल? पत्र्याला वरून पांढरा रंग मारला तर खोली कमी तापते, पण पत्रा मालकाचा. छतावर सोलर बसवायला पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८ हजारांपर्यंत अनुदान आहे, पण छतही मालकाचंच. भाडेकरूकडे आहे फक्त बटण. आणि आपण उपदेश मात्र त्यालाच करतो, "वीज जपून वापरा."

माझं मालक मंडळींना सांगणं साधं आहे. स्वतंत्र दार, स्वतंत्र संसार असलेल्या प्रत्येक बिऱ्हाडाला स्वतंत्र मीटर द्या. एकाच घराने टप्पा चुकवायला दोन मीटर लावावेत, असं मी म्हणत नाहीये. मीटर मिळेपर्यंत मूळ बिल भिंतीवर लावा आणि सब-मीटरचे आकडे भाडेकरूसमोर घ्या. जिन्यातला दिवा आणि मोटर स्वतःच्या खात्यात धरा. यात तुमचं भाडं एक रुपयाने कमी होत नाही. उलट दर महिन्याची कटकट जाते आणि चांगला भाडेकरू टिकतो.

नगरपालिका निवडणुकीत मोफत विजेच्या गप्पा मारणाऱ्यांपैकी कितीजणांच्या स्वतःच्या चाळी आहेत, हे गावाला पाठ आहे. त्यांनी सरकारकडे मागण्याआधी स्वतःच्या जिन्याखाली बघावं. आणि भाड्याने राहणाऱ्यांनो, या महिन्याचे पैसे देताना एकच वाक्य बोला, "काका, मूळ बिल दाखवता का?" भांडू नका, आवाज चढवू नका. पण विचारा. आकडे खरे असतील तर दाखवायला कुणाला अडचण असायचं कारण नाही.